राखलेली बाजू

“आ करा. अजून. काल यानापेक्षा जास्ती उघडनं व्हतं.”

शहाबानोने नवऱ्याच्या तोंडात बाभळीची पाचर सरकवली आणि दुसऱ्या हाताने त्याची हनुवटी धरून ठेवली. सत्तार पिंजाऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. देवाची करणी अशी की डोळ्यांत पाणी हवं तेवढं आणि तोंडात थेंब नाही.

जन्मभर त्याने गालात तंबाखूची गोळी धरली होती. त्याच गालात गाठ आली. कळसाडीचे मोतीलाल पाटील कापसाच्या कामाने मुंबईला निघाले होते, ते त्याला सोबत घेऊन गेले. तिथल्या मोठ्या इस्पितळात त्याचे दात उपटले, गालाला रेडियमचा शेक दिला. गाठ विरघळली. “बरा झालास, जा घरी,” असं डॉक्टरने हसून सांगितलं. बरं होणं म्हणजे काय ते सत्तारला शहाद्याला परतल्यावर कळलं. जबडा आखडला होता, लाळ आटली होती, जिभेला गूळ आणि माती सारखीच लागायची. मिरची तेवढी कळायची, ती अंगार होऊन. भाताचं शीत टाळूला चिकटलं की हटायचं नाही, म्हणून प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट घ्यायचा, आणि तो घोट ओठाच्या वाकड्या कोपऱ्यातून गळून दाढीवर यायचा.

घरात त्याचं जेवण वेगळं झालं. तसं कोणी ठरवलं नव्हतं. धाकटा भाऊ अनीस आणि तो लहानपणापासून एका थाळ्यात जेवत आलेले. एक दिवस अनीसच्या बायकोने सत्तारसाठी वेगळी वाटी मांडली आणि ती रोजचीच झाली. सत्तार ती वाटी घेऊन कोपऱ्यात बसू लागला. आपल्या दाढीवरून ओघळणारं पाणी त्याला स्वतःलाच बघवत नव्हतं.

पण आता त्याच्या मुलीचं, अकिलाचं लग्न ठरत होतं. तळोद्याचा नासिर, त्यांच्यासारखाच कापूस पिंजणारा माणूस, आपल्या मुलासाठी तिला मागायला येणार होता. त्यांच्या बिरादरीत सोयरीक पक्की करायची म्हणजे दोन्ही बापांनी एका थाळ्यात जेवायचं. ज्या मुलीच्या बापाचा हात त्या थाळ्यात पडला नाही, तिला सासरी जन्मभर त्यावरून टोमणे खावे लागत. सत्तारने मनाशी खूणगाठ बांधली होती. काहीही होवो, त्या थाळ्यावर आपणच बसायचं.

म्हणून ही पाचर. रोज सकाळी शहाबानो त्याचा जबडा उघडायला बसे आणि दुपारी त्याला जेवायला शिकवी. भात शोरव्याच्या पातळ रश्श्यात चांगला कुस्करायचा, मान चांगल्या बाजूला कलती ठेवायची, मिशीवरून हात फिरवल्यासारखं करून वाकडा कोपरा बोटाने दाबून धरायचा. पोराला शिकवावं तसं तिने शिकवलं, रागावली, कधी हसलीही. होता होता सत्तार पुष्कळ सुधारला. समोरच्याच्या लक्षात येऊ नये इतपत जेवू लागला.

नासिर यायच्या दिवशी सकाळी तो धुतलेला कुडता घालून बसला होता. अनीस आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, “भाऊ, राग येऊ देऊ नको. थाळावर मी बसस.”

“का बरं? माले जेवता येस आते.”

“येस ना. पण एखाद येळे ठसका लागना तं? लोके म्हणतस, हाऊ रोग उष्टामातून लागस. सोयरीक मोडी जाई.”

सत्तारने बायकोकडे पाहिलं. ज्या बाईने रोज त्याची हनुवटी धरली, ती आता खाली मान घालून लसूण सोलत होती.

“तू सांग त्याले,” तो म्हणाला.

शहाबानोने मान वर केली नाही. “पोरकडे दखा,” ती हळूच म्हणाली. “आजना दिन अनीसभाईसले बसू द्या.”

अनीसवर तो चिडला नाही. बायकोचं मात्र त्याला फार लागलं. तो उठला आणि मागच्या खोलीत गेला, जिथे कापूस पिंजायचं धनुष्यासारखं पिंजण टांगलेलं होतं आणि पिंजलेल्या कापसाचा ढीग पडला होता. अनीसने बाहेरून कडी लावली नाही, नुसतं दार ओढून घेतलं. पाण्याचा तांब्या मात्र कोणाच्याच ध्यानात राहिला नाही. रागाच्या भरात सत्तारच्याही नाही.

पाहुणा आला. दारापलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“पोरना बाप कोठे शे?” नासिरने विचारलं.

“कळसाडीले गया. पाटीलकडनं गाद्या भरानं काम निंघनं,” अनीस म्हणाला. “आज काही येवाव नही.”

“मी ऐकेल व्हतं, त्यासले तोंडना आजार व्हयेल व्हता.”

“लोके काय बी बोलतस. भाऊ एकदम मस्त शे.”

नासिर म्हणाला, “मन्हा बापले तोच आजार व्हता. त्याले मुंबई काही दखाले भेटनी नही. पण शेवटपावत मी त्यानासंगे एकच थाळामा जेवनू. बाप एखला बसीसन जेवस, हाई मनाथीन दखायनं नही.”

सत्तार ताडकन उठला. त्याचा हात दारावर गेला. एक धक्का दिला की झालं, हाच तो माणूस होता ज्याच्यासमोर दाढीवर पाणी गळलं तरी चाललं असतं. पण दार उघडलं की भाऊ खोटा ठरणार होता आणि बायको खोटी. बापाबद्दल खोटं बोलणाऱ्या घरातली मुलगी कोण नेईल? त्याने हात मागे घेतला.

बाहेर थाळा आला आणि आत त्याचा घसा सुकला. कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगत होते, ते थेट टाळूला जाऊन बसले. खोकला उसळला. सत्तारने मूठभर कापूस उचलून तोंडावर दाबला, ढिगात तोंड खुपसलं आणि तसाच पडून राहिला. पाहुण्याच्या हसण्याचा आवाज येत होता, अकिलाचं नाव येत होतं, आणि तिचा बाप चोरासारखा आपल्याच घरात श्वास कोंडून पडला होता.

नासिर गेल्यावर शहाबानो थाळा घेऊन आत आली. “पक्कं व्हयनं,” ती म्हणाली. मग थाळा खाली ठेवून तिने पाहुण्याने न शिवलेल्या एका बाजूकडे बोट दाखवलं. “हाई बाजू त्यासनी हात नही लावा. म्हणनात, व्याही ऊनात का त्यासले देज्या. मास बी त्यासनी सोडी ठेवं.” तिचा आवाज फुटला. “काहीतरी बोला ना.”

त्याने फक्त पाण्याची खूण केली. तिने धावत तांब्या आणला. तेवढ्यात अनीसने हाक मारली, शेजारीपाजारी गूळ वाटायचा होता. ती डोळे पुसून गेली.

सत्तारने हात धुतले आणि मांडी घालून थाळा पुढे ओढला. एका अंगाला अनीसचा हात फिरलेला, दुसऱ्या अंगाला नासिरचा, आणि मध्ये ती राखलेली बाजू. भात थंड झाला होता. शोरवा तिखट होता, पाहुण्यासाठी केलेला. पहिल्याच घासाला तोंडात आग पडली. त्याने घोट घेतला, मिशीवर बोट ठेवलं आणि दुसरा घास घेतला. दाढीवर थेंब आला नाही, थाळ्याबाहेर शीत सांडलं नाही. पाहुणा जेवत असेतो घरच्याने थाळ्यातून हात काढायचा नाही, अशी त्यांच्यात रीत होती. समोर कोणी नव्हतं. तरी आपली बाजू पुसून निघाल्यावरही सत्तारने हात थाळ्यातच ठेवला.