काचपेटीचं चित्र

आमच्या इस्पितळात अपुऱ्या दिवसांची बाळं खालच्या मजल्यावर काचपेटीत, आणि त्यांच्या आया वरच्या मजल्यावर. प्रत्येक पेटीवर कॅमेरा, प्रत्येक आईच्या खाटेसमोर टीव्ही. वरच्या मजल्याची सिस्टर मी. सोय झकास होती, पण प्रत्येक बाळाचं चित्र इमारतीतल्या झाडून सगळ्या वायरींमधून धावायचं, कुणी बघो न बघो. त्या गर्दीत माझा कॉम्प्युटर मेटाकुटीला यायचा. एक रिपोर्ट उघडेपर्यंत डोकं उठायचं.

म्हणून मी नेटवर्कवाल्याच्या मागे भुणभुण लावली. माणूस कामाला चोख, पण कायम घोड्यावर बसून आलेला. दुपारी त्यानं स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या वायरी जिथे जुळतात त्या डब्यात, काहीतरी खुडबूड केली. "झालं, सिस्टर. आता ज्या टीव्हीनं मागितलं, त्यालाच चित्र जाणार. बाकीच्या वायरी मोकळ्या." रिपोर्ट खरंच चुटकीसरशी उघडला. टीव्हीवर बाळंही दिसत होती. तो चहाला पळाला.

त्याचा चहा संपायच्या आत सगळे टीव्ही काळे पडले.

कोपऱ्यातल्या खाटेवरची पोर दिवसभर टीव्हीवरून नजर हलवायची नाही. पोटावर ताजे टाके, बाळ जेमतेम किलोभराचं. मी धावत गेले तर खाट रिकामी. बाथरूममध्ये नाही, लिफ्टजवळ नाही. सापडली ती खालच्या मजल्यावर, बाळांच्या खोलीच्या काचेला कपाळ टेकून. जिन्यानं उतरली होती.

"अगं बाई, टाके उसवले असते तर?" मी ओरडलेच.

"चित्र गेलं ना. मला वाटलं, बाळ..." तिनं डोळे पुसले. आत बाळ मजेत पाय झाडत होतं. मलाही रडू फुटलं.

नेटवर्कवाला धापा टाकत आला, तोंड एवढंसं झालेलं. "चुकलं माझं. टीव्हीनं एकदा मागितलेलं स्विच थोडाच वेळ लक्षात ठेवतो. मग 'अजून हवंय ना?' असं अधूनमधून विचारावं लागतं. ते काम एका स्विचला नेमून द्यायचं राहिलं. कुणी विचारलं नाही, म्हणून टीव्ही गप्प. स्विचला वाटलं, आता कुणालाच नको."

"आणि तू मिनिटभर बघून पसार!" मी त्याला फैलावर घेतलं. तो निमूटपणे कामाला लागला.

मी चाकांची खुर्ची आणली. "चल, येईल चित्र आता. पडून निवांत बघ."

ती हलेना. "सिस्टर, आम्हाला इथे येता येतं?"

येता येतं की. रोज येता येतं, खुर्चीतून. बाळाला छातीशी धरताही येतं. पण टीव्ही लावून दिला की आम्ही सगळे मोकळे. खाली जायचंय का, असं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मी तिला खुर्चीत बसवलं, खुर्ची वळवली आणि बाळांच्या खोलीचं दार ढकललं.

वर परतले तेव्हा सगळी चित्रं आली होती. कोपऱ्यातल्या टीव्हीवर काचपेटी रिकामी दिसत होती. समोरची खाटही रिकामीच होती.