जहाजाचं घड्याळ

एकवीस वर्षांत माझ्या हातून एकाही प्रवाशाचं विमान चुकलं नाही आणि एकही प्रवासी जहाज सुटल्यावर बंदरावर हात हलवत राहिला नाही. हे मी मिरवत असे. थायलंडच्या किनाऱ्यावर, सीराचातल्या आमच्या ऑफिसात नवीन मुलगी कामाला लागली की पहिल्याच दिवशी तिला हे ऐकवायचे, आणि आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर प्रयोंग मागून म्हणायचा, "झालं, पी वानची आरती सुरू झाली." पी म्हणजे ताई; ऑफिसात सगळे मला तसंच म्हणतात. आता मी ते कुणाला ऐकवत नाही.

काम तसं सरळ आहे. लेम चबांग बंदराला जहाज लागतं, माणसं उतरतात. काहींना दिवसभर फिरवून परत जहाजावर सोडायचं, काहींचा प्रवास इथेच संपतो, त्यांना सुवर्णभूमी विमानतळावर पोचवायचं. ज्यांचं विमान दुपारचं असतं त्यांना वाटेत एखादं देऊळ, एखादा बाजार दाखवायचा, म्हणजे त्यांचा वेळ जातो आणि आमचंही भलं होतं. रस्ता दीड तासाचा, ट्रक आडवे आले तर दोन. मी विमानाच्या वेळेपासून उलटं मोजत येते आणि अर्धा तास हातचा राखते. विमानतळावरून गाडी रिकामी परत आणायची नाही, हा माझा दुसरा नियम.

भानगड एकच, जहाजाच्या घड्याळाची. सिंगापूरहून आलेलं जहाज आमच्याकडे एक दिवस थांबतं, तेवढ्यासाठी घड्याळ बदलत नाही. त्यांचे तीन वाजतात तेव्हा आमचे दोन झालेले असतात. म्हणून जहाजावरच्या कुणीही, साहेब असो की म्हातारी प्रवासी बाई, मला वेळ सांगितली की माझा पहिला प्रश्न ठरलेला: कुणाच्या घड्याळाने? लोक वैतागतात इतक्या वेळा मी तो विचारते.

चोमला मी तो विचारला नाही.

चोम म्हणजे चोमनाट, वय असेल तिशीच्या आतबाहेर. जहाजाच्या लाँड्रीत काम करायची. माझा नंबर तिला कुणा मैत्रिणीकडून मिळाला होता. फोन उचलला तर पलीकडून थेट आमच्या उबोनकडची बोली.

"पी वान, तुम्ही डेट उडोमच्या ना? मी वारिनची. पलीकडच्याच गावची म्हणा की."

बँकॉकच्या भाषेत बोलून बोलून माझी जीभ सुकली होती. गावची बोली ऐकून मी खुर्चीत मांडीच घातली. अर्धा तास आम्ही पाऊसपाण्याच्या, माणसांच्या गप्पा मारल्या. मग ती कामाचं बोलली.

तिच्या पॉना, म्हणजे वडिलांना, घशाचा कॅन्सर होता. नाव थोंगसा, मी त्यांना लुंग, म्हणजे काका म्हणू लागले. ऑपरेशनमध्ये आवाज गेला होता. सात महिने ती समुद्रावर होती आणि सात महिन्यांत तिने त्यांचा एक शब्द ऐकला नव्हता. शेजारीण स्वतःचा फोन त्यांच्या तोंडासमोर धरायची, ते बघायचे, हात हलवायचे आणि मग दोघंही रडायला लागायची, म्हणून तिने तेही बंद केलं होतं. आता हे जहाज एकदा आमच्या बंदराला लागणार आणि मग वर्षभर दुसऱ्याच समुद्रात जाणार. डॉक्टर म्हणत होते, नवीन वर्ष बघतील याचं काही खरं नाही.

"काम सोडून ये की गं," मी म्हटलं.

"सोडलं तर औषधं कुठून आणू, पी? आणि पॉच म्हणतात, सोडायचं नाही. म्हणजे, लिहून दाखवतात." ती जरा थांबली. "त्या दिवशी मला थोडी सुट्टी आहे. तीनला गेटच्या आत असायलाच हवं, मिनिट इकडचं तिकडे झालं तर घरी पाठवतात. पॉ सकाळच्या विमानाने सुवर्णभूमीला येतील. तिथून त्यांना बंदरापर्यंत कुणी आणेल का? आयुष्यात विमानात बसलेले नाहीत. बोलता येत नाही, टॅक्सीवाल्याला काय सांगणार?"

"कुणी कशाला? मी आणते," मी म्हटलं.

आणि मग मी माझी हुशारी चालवली. जहाजाच्या दिवशी आमची एकही गाडी मोकळी नसते. पण प्रयोंगची व्हॅन सात प्रवाशांना घेऊन सकाळी निघणार होती, वाटेत चाचोएंगसाओचं देऊळ, बाजार, आणि सव्वाबाराला विमानतळ. परत येताना रिकामी. म्हातारा पावणेअकराला उतरणार, म्हणजे दीड तास थांबला की झालं. दोनला बंदरावर. तिला तीनपर्यंत वेळ. सगळं असं चपखल बसलं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

"दोनला पोचवते," मी चोमला सांगितलं. "तासभर मिळेल तुम्हाला. चालेल?"

"एक तास? पी, मला पाच मिनिटंसुद्धा चालतील."

खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या मनात आलं होतं की म्हाताऱ्याला बोलता येत नाही, मग एका तासाहून जास्त करणार काय आहेत दोघं? हे मी आजवर कुणाला बोललेले नाही.

दोघींनी दोन म्हटलं, दोघींनी तीन म्हटलं, दोघींनी एक तास म्हटलं. ती जहाजाच्या घड्याळाने बोलत होती, सात महिने दुसरं घड्याळ तिने पाहिलंच नव्हतं. मी भिंतीवरच्या घड्याळाने ऐकत होते. गावची पोर गावच्या बोलीत बोलते आहे, तिचं घड्याळ परकं असेल हे डोक्यातच आलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या माणसाला मी तीन तीनदा विचारते.

त्या दिवशी बंदरावर माझ्या अकरा बस होत्या. एका बाईची चप्पल तुटली, एका जोडप्याला चुकीच्या बसमध्ये बसायचा हट्ट होता, एक गृहस्थ देवळाऐवजी गोल्फ कुठे खेळायला मिळेल ते विचारत होते. पावणेअकरानंतर विमानतळावरच्या आमच्या ऑफिसातल्या मुलीचा मेसेज आला: काका उतरले, दारासमोरच्या बाकावर बसवलंय, मांडीवर डबा आहे, पाणी दिलं. मी अंगठा पाठवला आणि विसरून गेले. चोमला मी आधीच बजावून ठेवलं होतं, जहाजाच्या दिवशी मला फोन करू नकोस, फारच अडलं तर कर.

एक चाळीसला तिचा फोन आला.

"पी, रागावू नका. पॉ कुठपर्यंत आलेत? तीनला वीसच मिनिटं आहेत."

मी मनगटाकडे बघितलं. एक चाळीस. मग परत बघितलं. जहाजावर दोन चाळीस. मी एवढंच म्हटलं: "येतायत. आलेच. तू तिथेच थांब."

चाळीस मिनिटं ती माझ्या फोनची वाट बघत बसली होती, मला त्रास नको म्हणून.

प्रयोंगला फोन लावला. "कुठे आहेस?"

"बांग सेनच्या पुढे. काका मजेत आहेत. मी त्यांना माझ्या सासूच्या गोष्टी सांगतोय, मध्ये टोकत नाहीत, असा श्रोता जन्मात मिळाला नव्हता."

"प्रयोंग, गाडी पळव."

"का? दोनला म्हणाली होतीस. मी दोनच्या आत..."

"पळव म्हणते ना!"

माझा आवाज ऐकून त्याने फोन ठेवून दिला. मी बस, प्रवासी, सगळं सोडून खलाशांच्या गेटकडे धावले. माझं वय पन्नास आणि गुडघे सत्तरचे.

चोम गेटबाहेर, पत्र्याच्या शेडखाली उभी होती. पांढरा गणवेश, केस घट्ट बांधलेले, फोनवरच्या फोटोत दिसायची त्याहून बारीक. मला तिने कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं आणि दोन्ही हात जोडले. मग माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत राहिली. पांढरी व्हॅन दिसली की तिची मान उंच व्हायची. बंदरावर सगळ्या व्हॅन पांढऱ्याच असतात.

गेटवरच्या माणसाशी मी हुज्जत घातली, हाता-पाया पडले. त्या बिचाऱ्याच्या हातात काय होतं? त्याच्यासमोर यादी होती आणि जहाजाचा अधिकारी आत घड्याळ बघत उभा होता. जहाजाचं घड्याळ.

"पाच मिनिटं," मी म्हटलं.

"ताई, सगळ्यांनाच पाच मिनिटं हवी असतात," तो म्हणाला, पण नजर खाली घालून.

शेवटच्या मिनिटाला चोमने खिशातून लोकरीचा मफलर काढून माझ्या हातात कोंबला. "गळ्याला गार वारा लागू देत नाहीत ना ते," ती म्हणाली. मग पळत आत गेली. मागे वळून बघितलं नाही, कारण वळली असती तर गेली नसती.

प्रयोंगची व्हॅन आली तेव्हा दोन वाजून सात मिनिटं झाली होती.

लुंग थोंगसा हळूच उतरले. नवा शर्ट, त्याच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. केस पाणी लावून बसवलेले. गळ्यावर पांढरं फडकं. हातात डबा, चिकट भाताचा आणि आंबवलेल्या माशाच्या चटणीचा, सगळी व्हॅन त्या वासाने भरली होती. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले आणि मग इकडेतिकडे बघायला लागले. शेडमध्ये, माझ्या मागे, गेटवर. हसतच बघत होते.

मला सांगावं लागलं. त्यांना जाळीच्या कुंपणाशी नेलं आणि जहाज दाखवलं. थोड्या वेळाने खालच्या डेकवर पांढऱ्या गणवेशातल्या तीन बायका येऊन उभ्या राहिल्या. फार लांब होत्या, कुणाचाच चेहरा कळत नव्हता. एकीने हात वर केला, मग तिघींनीही केले. म्हाताऱ्याने तिघींनाही हात केला. डाव्या हाताने जाळी धरून, उजवा हात वर, बराच वेळ.

माझा फोन वाजला. चोम. मी उचलला नाही, आधी त्यांच्यासमोर कबूल करायचं होतं. "लुंग, चूक माझी आहे," मी म्हटलं. मला रडू आवरेना. "ती जहाजाचे तीन म्हणत होती, मी इथले तीन समजले. विचारायला हवं होतं. विचारणं हेच माझं काम आहे. विमानतळावर तुम्हाला दीड तास बसवून ठेवलं मी."

त्यांनी खिशातून वही काढली. अक्षर मोठं, शाळेतल्या पोरासारखं, प्रत्येक शब्दाला वेळ लागत होता. प्रयोंग शेजारी उभा होता.

"तिने तीन म्हटलं होतं?"

"हो. पण कुणाचे तीन ते मी..."

त्यांनी हाताने मला थांबवलं आणि परत लिहिलं. "तिला कळलंय?"

"नाही अजून."

फोन पुन्हा वाजायला लागला. ते घाईघाईने लिहू लागले, पेन कागदात घुसत होतं. वही माझ्यासमोर धरली.

"विमान उशिरा आलं म्हणून सांग. नाहीतर ती 'माझ्याच तोंडून चुकलं' म्हणत बसेल जन्मभर."

मी मान हलवली, नाही म्हणून. मला शिव्या खायच्या होत्या, तेवढा तरी हक्क मला होता. त्यांनी वहीवर बोट आपटलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, बाप ठेवतो तसा, आणि थांबले.

मी फोन उचलला.

"विमान उशिरा आलं गं," मी म्हटलं. "तासभर उशिरा."

जहाज सुटेपर्यंत आम्ही तिथेच होतो. नंतर म्हाताऱ्याने डबा उघडला. परत घेऊन जायचा नाही म्हणाले, हातानेच. आम्ही तिघांनी व्हॅनच्या सावलीत बसून तो भात खाल्ला. चटणी झणझणीत होती, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांतून पाणी का येतंय ते विचारायची गरज पडली नाही. संध्याकाळच्या विमानाला मी स्वतः त्यांना सोडलं, मफलर गळ्याला नीट गुंडाळून दिला. दारातून आत जाताना त्यांनी वळून हात जोडले, मी काही उपकार केले असल्यासारखे.

त्यानंतर सात आठवड्यांनी ते गेले. शेजारणीने कळवलं. मी आणि प्रयोंग वारिनला जाऊन आलो. लेकीच्या जागी चितेवर फूल मी ठेवलं.

चोमचा फोन चार दिवसांनी आला, कुठल्यातरी लांबच्या बंदरावरून. ती रडून रडून थकलेली होती. बोली तीच, वारिनची.

"त्या विमानवाल्यांना मी कधी माफ करणार नाही, पी," ती म्हणाली. "एक तास. त्यांना काय त्याचं?"

"हो," मी म्हटलं.

"तुम्ही नसतात तर एवढंही झालं नसतं. तुमच्यासारखं माणूस मिळायला नशीब लागतं."

वहीवरचं ते मोठं अक्षर माझ्या डोळ्यांसमोर आलं, कागदात घुसलेल्या पेनसकट. सांगून टाकलं असतं तर मी सुटले असते.

"पी," तिने विचारलं, "एवढा वेळ विमानात अडकून पॉ घाबरले असतील ना?"

"नाही गं," मी म्हटलं. "खिडकीजवळची जागा मिळाली होती त्यांना. सगळा वेळ ढग बघत होते म्हणे."

"खरंच?" ती म्हणाली, आणि त्या फोनवर पहिल्यांदाच थोडीशी हसली.