वारा नसताना हललेला बोरू

मित्रांनो, त्या खिडकीत कान तुटलेला एक कप आहे. त्यातल्या ब्रशांच्या दाटीत बोटभर काळी कांडी दिसते ना, तो मी. मी एक जुना बोरू आहे. पण बोटभर म्हणून माझा जन्म झाला नव्हता. चांगला वीतभर होतो मी! माझी बाकीची उंची कुठे गेली, तेच आज सांगायला बसलो आहे. गोष्ट हसरी नाही. तरी ऐका, कारण माझ्याकडे सांगण्यासारखे दुसरे काही नाही आणि तुम्हांला ऐकण्यासारखे कदाचित हेच असेल.

माझा जन्म तळ्याकाठच्या दलदलीत झाला. आम्ही असंख्य भावंडे चिखलात पाय रोवून उभी असायचो. वारा आला की हलायचे आणि वारा थांबला की थांबायचे, एवढाच आमचा धर्म. पाखरांच्याही आधी आम्हांला वादळ कळे. आभाळ निळेशार असायचे, पाण्यावर सुरकुती नसायची, आणि आमचे शेंडे कुजबुजू लागायचे. काठावर एक म्हातारा कोळी बसे. तो आमच्याकडे एकदा बघायचा, जाळे गुंडाळायचा आणि मुकाट्याने घरची वाट धरायचा. लोक त्याला भित्रा म्हणत. पण बुडालेल्यांत त्याचे नाव कधी आले नाही.

एके दिवशी विळा आला आणि मी कापला गेलो. मला वाळवले, तापल्या वाळूत भाजून कडक केले. मग धारदार चाकूने माझे टोक तिरपे छाटले आणि मधोमध बारीक चीर दिली. खूप दुखले. पण ज्याच्याकडून काही लिहून घ्यायचे असते त्याला देव आधी तासतो, हे मला पुढे उमगले.

मला तासणारे हात वळणकाकांचे होते. त्यांचा धंदा अक्षरांचा. नोकरी कुणाची नाही, साहेब कुणी नाही. घरातल्या पुढच्या खोलीत उतरते मेज, त्यावर शाईची दौत, कोपऱ्यात संगणक आणि स्कॅनर. दुकानाच्या पाट्या, पुस्तकांची मुखपृष्ठे, खोक्यांवरची नावे, कुणाला कंपनीचे बोधचिन्ह, तर कुणाला भिंतीवर लावायला चार ओळी. काका लिहीत आणि त्यांची लेक ते संगणकात घेऊन, नीटनेटके करून गिऱ्हाइकांना पाठवी. बाप लिहितो, लेक पोचवते. घर कसे टाळ-मृदंगासारखे चालले होते.

आणि काय ते अक्षर! उभी रेघ ओढताना काका श्वास सोडत. श्वास संपे तिथे रेघ संपे. मला वाटे, हे लिहीत नाहीत, हे भजनच म्हणत आहेत, फक्त ते कागदावर उमटते आहे. गिऱ्हाईक म्हणे, "काका, तुमच्या रेघेला ओळंबा लावला तरी फरक निघायचा नाही." काका मला धुऊन, पुसून, कपात उभे करत आणि म्हणत, "श्रेय या पठ्ठ्याचं." मी फुगून जाई. मित्रांनो, तेव्हा मला कुठे ठाऊक होते की ज्याला श्रेय मिळते, दोषही त्याच्याच दारात येऊन बसतो!

एका साबणाच्या वेष्टणावरचे नाव लिहायचे होते. ओल्या शाईवर धूळ बसू नये म्हणून खिडकी बंद होती, पंखा बंद होता. काकांनी श्वास सोडला, मला खाली ओढले. आणि निम्म्या रेघेत मी हललो.

फार नाही. अंगावरून मुंगी जावी एवढेच. पण मी तळ्याकाठचा जीव. मला हलणे कळते. खोलीत वारा नव्हता. तरी मी हललो होतो.

काकांनी मला उजेडात धरले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "टोक गेलं वाटतं याचं." चाकू आला. माझा एक तुकडा जमिनीवर पडला.

या धंद्याची एक जुनी रीत आहे. अक्षर बिघडले तर आधी हत्याराला दोष द्यायचा, मग कागदाला, मग शाईला. हाताला सगळ्यांत शेवटी. वळणकाकांच्या गुरूंनी ती त्यांना शिकवली आणि त्यांनी लेकीला. रीत वाईट नव्हती. पण हातापर्यंत पोचायला कुणी तयारच नसेल, तर रीत काय करील?

"बाबा, या अक्षराची कड बघा. उंदरानं कुरतडल्यासारखी दिसतेय," लेक पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"बोरू म्हातारा झालाय."

"मग नवा घ्या की!"

"म्हातारा झाला म्हणून टाकून द्यायचा? उद्या मलाही टाकशील."

"तुम्हांला उचलणार कोण, एवढं वजन!"

दोघे पोट धरधरून हसली. मी मात्र हसलो नाही. त्या हसण्यातही काकांच्या चिमटीत मी हलत होतो.

मग कागद बदलला. शाई फडक्यातून गाळून घेतली. लेक संगणकावर प्रत्येक कड घासूनपुसून सरळ करू लागली. तिला वाटे, आपण कागदाचा दोष पुसतो आहोत. बिचारी बापाच्या हाताने पाठवलेला निरोपच रोज पुसत होती. आणि मला रोज चाकू लागत होता. रोज थोडा मी कमी होत होतो.

घरात आणखी काही बारीकसारीक बदलू लागले. काका गुंड्यांचा सदरा सोडून डोक्यातून घालायचे सदरे घालू लागले. काकूंनी चहा आणला की म्हणत, "अर्धाच कप दे."

"का हो, अर्ध्या कपाचा नवस बोललाय का?"

"तुझ्या चहाची गोडी अशी, की पुरा कप झेपत नाही."

"साखर घातलीच नाहीये त्यात अजून!" काकू म्हणाल्या आणि चमचा आणायला वळल्या. त्या वळल्या म्हणून त्यांना दिसले नाही. अर्धा कपसुद्धा बशीवर किणकिणत होता. ती बारीक किणकिण मला अजून ऐकू येते.

अशात एक प्रकाशिका आल्या. त्यांना भयकथांच्या पुस्तकाचे नाव लिहून हवे होते. त्या दिवशी लेक बाहेरगावी होती, म्हणून कडा घासल्याच गेल्या नव्हत्या. काकांनी संकोचत मूळ कागद पुढे केला. बाई बघतच राहिल्या.

"अहो, काय हे! अक्षरंच घाबरलीत. अंगावर काटा आला बघा. कसं केलंत हो?"

काकांनी आपल्या बोटांकडे पाहिले. मला वाटले, आता सांगतील. आता तरी सांगतील.

"वय झालं की जमतं असं," ते म्हणाले. बाई खळखळून हसल्या आणि कागद घेऊन गेल्या.

मित्रांनो, निंदेने माणूस निदान दचकून जागा होतो. स्तुती त्याला थोपटून निजवते. ते मुखपृष्ठ गाजले आणि ज्याला त्याला तेच अक्षर हवे झाले. कुणाला नाटकाच्या फलकासाठी, कुणाला अत्तराच्या बाटलीसाठी. लेकीने त्याचे नाव ठेवले 'थरथर वळण' आणि नमुन्यांत ते सगळ्यांत वर लावले. काकू शेजारणीला कौतुकाने सांगत, "या वयात नवी शैली काढली हो ह्यांनी!" घरात आनंद मावत नव्हता. आणि मी, त्या आनंदाच्या ऐन मध्यावर, काकांच्या बोटांत, तळ्यातले ते निळे आभाळ आठवून गारठत होतो.

कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. रोज सकाळी, घर उठण्याआधी, काका एका रद्दी कागदावर एक साधी उभी रेघ ओढून बघत. श्वास सोडत, देवाचे नाव घेत आणि ओढत. रेघ सापासारखी जाई. मग ते चाकू उचलत. माझे टोक नवे करत. पुन्हा रेघ. पुन्हा साप. त्यांचा हात माझ्याशी भांडत नव्हता. तो माझ्याकडे काकुळतीने मागत होता, आणि माझ्याकडे देण्यासारखे काही नव्हते.

शेवटी त्यांचा बाळमित्र आला. तो पाथरवट. नव्या प्रार्थनाघराच्या दारावर बसवायची शिळा त्याच्याकडे आली होती. तिच्यावर तीनच शब्द कोरायचे होते : दार उघडे आहे.

"वळण्या, तुझं ते हीव भरलेलं अक्षर मला नको," तो म्हणाला. "दगडावर आलेली थरथर पिढ्यान्‌पिढ्या थरथरते. मला तुझं जुनं अक्षर दे. देवापुढे हात जोडून उभं राहिल्यासारखं."

"कागदावर लिहून देतो."

"कागदावरून उतरवलेलं अक्षर दगडात मरतं. तू ये आणि शिळेवरच लिही. लाजतोस का नव्या नवरीसारखा?"

नाही म्हणायला कारण सांगावे लागले असते. काका हो म्हणाले.

पाथरवटाच्या अंगणात शिळा आडवी ठेवली होती. ऊन पडले होते. झाडाचे पान हलत नव्हते. लेक दौत धरून उभी राहिली. दगड शाई पितो. तिथे खोडणे नाही, पुसणे नाही. काकांनी मला बुडवले. मग त्यांनी डाव्या हाताने आपलेच उजवे मनगट घट्ट आवळले. असे लिहिताना लेकीने त्यांना कधी पाहिले नव्हते. तिच्या कपाळाला आठी पडली.

श्वास सुटला. मी दगडाला टेकलो. पहिलीच उभी रेघ वेडीवाकडी होत, ठेचकाळत खाली गेली.

"अरे, सांगितलं होतं ना," पाथरवट कळवळला, "ती शैली नको म्हणून!"

"ती शैली नाही रे," काका म्हणाले.

अंगणातल्या कारागिरांच्या छिन्न्या थांबल्या. लेकीने दौत खाली ठेवली आणि बापाच्या हातावर आपला हात ठेवला. तो तिच्या हाताखालीही थांबेना. पकडलेल्या पाखरासारखा तो फडफडत होता.

"बाबा, हे कधीपासून?"

काकांनी मला तिच्यापुढे धरले. "याला विचार."

तिने माझ्याकडे पाहिले. वीतभर होतो तो बोटभर उरलेला. सगळे तुकडे तिला एकदम आठवले असावेत. ती तिथेच शिळेवर बसली आणि तोंडाला पदर लावून रडली.

डॉक्टरांनी हात उलटसुलट पाहिला. "हा मुळातून जाणारा आजार नाही," ते म्हणाले. "औषधानं थोडा आवरेल. कधीकधी तो बापाकडून लेकरांत उतरतो. हात केव्हाचा सांगत होता, काका. आला का नाहीत?"

"लोकांना आवडत होतं," काका हळूच म्हणाले.

शिळा पाथरवटाने उलटी केली आणि दुसऱ्या अंगावर लेकीने ते तीन शब्द लिहिले. चांगले, सरळ लिहिले. येणारेजाणारे वाचतात आणि आत जातात. ती वाकडी रेघ मात्र भिंतीत चिणलेल्या बाजूला आहे. कुणाला दिसत नाही. पण ती तिथे आहे.

आता काका खिडकीशी खुर्चीत बसतात. त्यांचा हात मांडीवर आपला आपण लिहीत असतो, कागद नसताना, मी नसताना. लेकीने नमुन्यांतून ते वळण काढून टाकले. कुणी मागितलेच तर ती म्हणते, "तेवढं सोडून काहीही मागा." तिच्याकडे नवा बोरू आहे, लांब, ताठ, माझ्यासारखाच गर्विष्ठ.

मित्रांनो, आम्हां हत्यारांना धुऊन, पुसून, मानाने ठेवा, हे तर मी सांगेनच. पण त्याहून मोठे मागणे दुसरेच आहे. तुमच्या घरात कुणी अर्धाच कप मागू लागले, कुणाच्या गुंड्या अडू लागल्या, तर बोरू तासत बसू नका. त्यांचा हात हातात घ्या. त्या म्हाताऱ्या कोळ्यासारखे व्हा. लोक हसले तरी चालेल.

रोज सकाळी मेजावर बसली की लेक आधी बोरू उचलत नाही. आपला उजवा पंजा कागदावर पसरते, बोटे सैल सोडते आणि श्वास रोखून त्याकडे बघत राहते. खुर्चीतून काकाही बघतात. दाराआडून काकू बघतात. कपातून मी बघतो. खिडकी बंद असते. पंखा बंद असतो.

अजून तरी वारा नाही.