मधले तुकडे

शिरवळजवळच्या त्या घरात दिवाळीपासून नवराबायकोचा अबोला होता आणि घर चालत होतं ते एकट्या सृष्टीच्या पायांवर.

कारण सांगितलं तर हसाल. सृष्टीचे वडील लालासाहेब, म्हणजे आबा, सुभेदार होऊन फौजेतून घरी आले आणि रिकामपणाला कंटाळून एका दुपारी त्यांनी बायकोच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे रांगेत उभे केले. संध्याकाळी त्यांचे जुने मेजरसाहेब चहाला आले. लीलाबाईंचा हात सवयीनं साखरेच्या जागी गेला. तिथं मीठ होतं. मेजरसाहेबांनी शिस्तीत कप संपवला आणि पुन्हा काही आले नाहीत. त्या रात्री दोघांनी बोलणं बंद केलं. लग्नानंतर दोघांचं एकमत झालं ते बहुधा एवढ्याच गोष्टीवर.

तेव्हापासून आबा बाहेरच्या खोलीत, आई चुलीपाशी. ‘सांग तुझ्या आईला’, ‘सांग तुझ्या बापाला’ करत सृष्टीच्या चपला झिजल्या. शिवाय आबांचा निरोप म्हणजे मारुतीचं शेपूट. त्यात मेजरसाहेब यायचे, डबे यायचे, सासरवाडीचा उद्धार व्हायचा. सृष्टी आत जाऊन एवढंच सांगायची, ‘‘आबांना चहा पाहिजे.’’ आईच्या बोलण्यालाही ती अशीच कात्री लावायची. घर शांत होतं ते तिच्यामुळं, असं तिला वाटायचं.

त्यातच सांगलीच्या एका प्रयोगशाळेत प्रोजेक्टसाठी तिची निवड झाली. सोमवारी हजर व्हायचं होतं. पण ही गेली तर दोघं उपाशी मरतील. ‘येऊ शकत नाही’ असा मेसेज तिनं लिहून ठेवला होता. पाठवायला तेवढं बोट धजत नव्हतं.

शनिवारी साताऱ्याच्या कॉलेजात मुजावर सर शिकवत होते. ‘‘डीएनए पेशीच्या केंद्रकात बसून असतो, बाहेर पडत नाही. त्याचा निरोप आरएनए घेऊन जातो, मग बाहेर त्याबरहुकूम प्रथिनं बनतात. पण पहिली प्रत फार लांब असते. पेशी मधले तुकडे कापते, उरलेले जोडते, मगच निरोप बाहेर सोडते.’’

सृष्टीनं मान वर केली. हे तर आमचंच घर!

‘‘कापलेल्या तुकड्यांना पुष्कळ वर्षं कचराच समजायचे,’’ सर पुढं म्हणाले. ‘‘पण त्यातले काही कामाचे निघाले.’’

एसटीत बसल्यावरही ते वाक्य तिचा पिच्छा सोडेना. आपण नेमकं काय कापतो, हे तिनं कधी धड ऐकलंच नव्हतं.

घरी पोचताच आबांनी सुरुवात केली. या वेळी तिनं सगळं ऐकलं आणि आत जाऊन जसंच्या तसं सांगितलं, ‘‘आबा म्हणतात, मेजरसायबापुढं माझं नाक कापलंस, डबे सरळ लावले तर तुला एवढं झोंबलं, गुडघ्याला तेल लावतीस का न्हाई द्येव जाणे, दुखणं अंगावर काढू नगंस, आन चा टाक.’’

लीलाबाई लाटणं हातात घेऊनच बाहेरच्या खोलीत आल्या.

‘‘नाक कापलं मी? आवं, डबं कुणी हलवलं?’’

‘‘मी हिच्याशी बोलतोय,’’ आबा भिंतीकडं बघत म्हणाले.

‘‘आन... गुडघ्याचं काय म्हणाला?’’

‘‘रोजच इचारतोय की! तूच कवा उत्तर धाडलं न्हाईस.’’

‘‘मला कुणी सांगितलंच न्हाई! आन मी रोज सांगून पाठवती, पहाटं रानात जाताना कानटोपी घाला म्हणून, त्ये?’’

‘‘कसली कानटोपी?’’

दोघांच्या माना एकदमच सृष्टीकडं वळल्या. मग जे सुरू झालं ते विचारू नका. तिला झापताना एकानं वाक्य सुरू करावं, दुसऱ्यानं संपवावं. इतके दिवस हा अबोला आपणच पोसला, या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि इतका आनंदही झाला की ती मुकाट्यानं शिव्या खात राहिली. मग मोरीत जाऊन तिनं जुना मेसेज पुसला आणि ‘येते’ असं लिहून पाठवलं.

आठवडाभरानं सांगलीच्या होस्टेलवर आबांचा फोन आला. आवाज दबका होता.

‘‘सृष्टे, तुझी आई लय बोलतीया गं. दिवाळीपासनं साठवलेलं सगळं काढलंय. रविवारी यिऊन जा की.’’

‘‘कशाला, आबा?’’

‘‘मधलं जरा कापायला.’’

‘‘कुणाशी बोलताय?’’ मागून आईचा आवाज आला. ‘‘आन कानटोपी कुठाय?’’

‘‘ही काय, घातलीया,’’ आबा म्हणाले आणि फोन बंद करायचा विसरले. तिकडं डब्यांवरून पुन्हा जुंपली. सृष्टीनं ते सगळं कानाला फोन लावून ऐकलं, एक शब्दही न कापता.