ट्वायलाचे सहा मासे

शनिवारी सकाळी धरणाच्या पाण्यावर धुक्याचा पातळ थर होता आणि बोटीत गळाची काठी घेऊन ट्वायला बसली होती. चौतीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच घडत होतं. एरवी मासा ओढायचा नवऱ्यानं, म्हणजे आर्डेननं, आणि जाळी धरायची हिनं. पण गेल्या आठवड्यात आर्डेन शिडीवरून पडला नि त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. धरणातला कोकॅनी सामन मासा ऐन भरात आलेला असताना घरी बसणं त्याच्या जिवावर आलं होतं.

"गळ सत्तर फूट खोल सोड," तो म्हणाला. "आणि ओढताना घाई नको. त्यांचं तोंड—"

"ओल्या कागदासारखं फाटतं. चौतीस वर्षं तेच ऐकतेय रे बाबा!"

तिनं गुलाबी गळाला मक्याचे पांढरे दाणे टोचले आणि शिशाच्या गोळ्याबरोबर तो खाली सोडला. बोट रमतगमत निघाली. कॉफीचा पहिला कप संपतो न संपतो तोच काठी थरथरली.

"लागला!" आर्डेन ओरडला.

ट्वायलानं अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवली होती. बर्फाळ उतारावर ब्रेक किती हलक्या पायानं दाबायचा, हे तिच्या अंगात मुरलं होतं. त्याच बेतानं, कधी सैल सोडत, कधी गुंडाळत, तिनं मासा बोटीजवळ आणला. चंदेरी पाठ चमकली. आर्डेननं डाव्या हातानं जाळी हाणली, ती नेमकी दोऱ्यावर. मासा पसार!

"उसळला गं तो."

"अरे, मासा धरतोयस की माशी मारतोयस?"

दुसराही तसाच गेला. आता मात्र आर्डेनचा चेहरा पडला. जाळीकडे बघत तो पुटपुटला, "अवघड आहे हे. कधी बोलली नाहीस?"

"तू कधी विचारलंस? आता ऐक. जाळी आधीच पाण्यात बुडव आणि गप्प धरून ठेव. मासा मी आणते. तू त्याच्यामागे धावू नकोस."

तिसरा मासा अलगद जाळीत आला. हातभर नव्हता, पण चांगला जाडजूड. दोघं इतके ओरडले की पलीकडच्या बोटीतला म्हातारा ऑरविल उठून उभा राहिला.

"किती खोल?" त्यानं हाक दिली.

"चाळीस—" आर्डेननं सवयीनं थाप मारायला सुरुवात केली.

"सत्तर!" ट्वायला ओरडली. "गुलाबी गळ लाव!"

"अगं, सगळं सांगून टाकलंस!"

"खाली अख्खा थवा आहे. त्यालाही मिळू दे की एखादा."

दहा वाजायच्या आत माणशी सहा माशांची सरकारी मर्यादा तिनं पूर्ण केली. पहिले दोन सोडले तर एकही मासा निसटला नाही. शेवटचा, सहावा तर आर्डेननं इतक्या सफाईनं उचलला की ट्वायलानं काठी काखेत धरून टाळ्या वाजवल्या.

धक्क्यावर कुणीतरी विचारलं, "काय आर्डेन, एका हातानं सहा काढलेस?"

"छे! काढले हिनं. मी जाळीवर होतो," आर्डेन म्हणाला आणि ट्वायलाच्या लक्षात आलं, हे सांगताना त्याची छाती फुगली होती.

दुपारी तिनं दोन मासे लोण्यात परतले, वर लिंबू पिळलं. उरलेले चार मीठसाखरेत मुरवून धुरी द्यायला ठेवले. आर्डेन डाव्या हातानं काटा चालवत, मांडीवर सांडत, मिटक्या मारत जेवला. केशरी मांसाचा शेवटचा तुकडा मात्र त्यानं तिच्या ताटात सरकवला.