घोडीचा उतार

आमच्या कवठे महांकाळात कुणालाबी इचारा, आकाराम सुताराची चौकट कवा तिरपी गेली का? न्हाई म्हणत्याल. तीस वरसं झाली, रंधा मारला की मी त्याच्यावर लोखंडी पट्टी उभी धरतो आन् डोळा लावून बघतो. पट्टीखालनं उजेड दिसला की काम कच्चं. हे माझं येड सगळ्या गावाला ठावं हाय, आन् त्याच येडापायी मी माझ्या सोताच्या पोरीचं वाटुळं करायला निघालो हुतो.

माझी पोरगी साक्षी. तिला दारं-खिडक्या नगं वाटल्या. "आप्पा, मी तंबोरं करनार," म्हणाली, आन् रोज यष्टीनं मिरजंला जायला लागली, दस्तगीरचाचांच्या हाताखाली. तिथं चार वरसं तिनं भोपळं कापलं, दांड्या कोरल्या, खुंट्या घासल्या. मग चाचा म्हणालं, "आता एक अख्खा तंबोरा तुझ्या घरी बसून कर. मला काय बी इचारायचं न्हाई. मी येऊन ऐकीन. पसंत पडला तर तुझ्या नावाची चिठ्ठी त्याच्यावर चिकटव आन् सोताची गिऱ्हाइकं घे. न्हाई पडला, तर आनखी दोन वरसं माझ्याकडं कानस चालव."

सहा म्हैनं पोरगी माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात बसली. मी मधी बोलायचो न्हाई. म्हंजी लय बोलायचो न्हाई. दांडीचा सांधा तिनं असा बसवला की मला त्यात नख बी घालता येईना. तवा घरी जाऊन बायकोला म्हटलं, "मने, पोरगी माझ्यावर गेली गं." ती म्हणाली, "कामानं जाऊ द्या. तोंडानं जाऊ नगं म्हंजी मिळवली."

चाचा यायचा दिवस आला. चार वाजता यायचं हुतं. बारा वाजता साक्षी उठली. "आप्पा, झालं सगळं. जेवून, कपडं बदलून येते. हात लावू नगासा."

ती गेली. तंबोरा गादीवर आडवा. पॉलिश असं, की माझी मिशी दिसत हुती त्यात. म्हटलं, हात कुठं लावतोय, बघायला काय जातंय? भोपळ्याच्या तोंडावर लाकडी तबली असती, तिच्यावर पाटासारखा एक ठोकळा बसवत्यात. चारी तारा त्याच्या पाठीवरनं जात्यात. घोडी म्हणत्यात त्याला. साक्षीनं शिसवीची केली हुती. मी सवयीनं तिच्यावर पट्टी उभी धरली. आन् काय सांगू, पट्टीखालनं उजेड! घोडी पुढच्या अंगाला उतरती!

अरं द्येवा, सहा म्हैनं राबली आन् ऐन जागी चुकली का काय? चाचा घोडीवर बोट फिरवनार आन् आल्या पावली माघारी जानार. मी तारा सैल केल्या, घोडी काढली, काचंवर पॉलिशपेपर टाकला आन् घोडी उलटी धरून घासली. पाच मिन्टात सपाट. पट्टी धरली, उजेड बंद. घोडी जागंवर ठिवली, तारा ताणल्या. पोरीला सांगायचंच न्हाई, म्हटलं, उगं लाज वाटंल तिला. आन् मोठा तीर मारल्यागत बसलो.

साक्षी आली. मांडी घालून तंबोरा उभा धरला आन् तार छेडली.

टण्ण.

बादलीवर चमचा मारल्यागत. दुसरी छेडली. टण्ण. तिचं तोंड पांढरंफट. घोडीवर बोट फिरवलं आन् माझ्याकडं बघितलं.

"आप्पा, काय केलंसा?"

"कुठं काय? लेव्हल केली. उतार ऱ्हायला हुता तुझा."

"ऱ्हायला न्हवता वो, दिला हुता!" पोरगी अशी वराडली, की समोरचा गिरणीवाला बाहीर आला. "त्यो उतार म्हंजीच जवारी! तार हालताना त्या उताराला चाटत जाती, म्हणून तंबोरा गुंजतो. सतरा दिवस घासत हुते मी!"

सतरा दिवस! आन् मी पाच मिन्टात पुसलं. असला बाप वैऱ्याला बी देऊ नगं रं द्येवा, असं झालं मला. "साक्षे, मार मला, पर रडू नगंस," म्हटलं. ती रडत हुतीच. मग ओढणीनं डोळं पुसलं आन् घड्याळ बघितलं. एक वाजला हुता.

"सतरा दिवसाचं काम तीन तासात कसं व्हनार गं?"

"त्यातलं बारा दिवस हात बसवण्यात गेलं माझं. तुमचा हात बसल्यालाच हाय. आप्पा, हात तुमचा, कान माझा. मी म्हनंल तेवढंच घासायचं. आन् पट्टी आनली तर मोडून टाकीन."

बसलो बाबा. तार बाजूला सारायची, कानस दोनदा फिरवायची, तार जागंवर घ्यायची, ती छेडनार. "आनखी. फुडनं. हलकं! आवं आप्पा, दार हाय का ते?" मला आवाजात कायसुदीक फरक कळंना. मी म्हणायचो झालं, ती म्हणायची न्हाई. मी म्हणायचो आनखी घासू, ती माझा हात धरायची. एकदा तर कानस खाली ठिवून मी म्हटलं, "पोरी, तू मला उगं फिरवतीयास." ती म्हणाली, "फिरवू दे. उचला."

आन् मग दुसऱ्या तारंला ते झालं. तिनं छेडली, तारंखाली सुताचा दोरा इवलासा सरकवला, आन् आवाज थांबंचना. मोहळ उठल्यागत घुमत ऱ्हायला. माझ्या मांडीखालची फरशी बी घुमतीया असं वाटलं. "आगं, ही बोलाय लागली की!" मी लहान पोरागत वराडलो. मनू चहा घिऊन आल्याली, ती कपबशा हातात धरून दारातच उभी. चहा गार झाला, कुणी प्यालं न्हाई. तीस वरसं मी लाकूड गप करत आलो, दार वाजाय नगं, खिडकी कुरकुराय नगं. लाकडाला बोलतं करायचं असतंय, हे मला माझ्या पोरीनं शिकवलं. लय भारी वाटलं गड्या, लय!

चौथी तार लागली आन् चाचा दारात.

चाचांनी डोळं मिटून ऐकलं. लय येळ ऐकलं. मग घोडीवर बोट फिरवलं आन् त्यांच्या कपाळाला आठी पडली. "साक्षी, हा हात तुझा न्हाई. तुझी कानस मी वळखतो."

पोरीनं मान खाली घातली. मी उठलो, दोन्ही कान धरलं आन् पट्टीपासनं सगळं सांगितलं.

चाचा हसलं न्हाईत. "कुठं थांबायचं, हे कुणी ठरवलं?"

"हिनंच की! मला तर आदी ऐकाय बी येत न्हवतं."

"मग तंबोरा हिचाच," चाचा म्हणालं. "घासणारं हात ढीगभर मिळत्यात, आकारामभाऊ. कुठं थांबायचं हे कळणारा कान मिळत न्हाई. आण गं तुझी चिठ्ठी."

चिठ्ठी तिनं कवाच लिहून ठिवली हुती. 'साक्षी आकाराम सुतार, कवठे महांकाळ.' ती तिनं माझ्या हातात दिली. "आप्पा, तुमी चिकटवा. आन् पट्टी घ्या. हितं चालती."

सगळी हसली. मी पट्टी घेतली, तबलीवर धरली, डोळा लावला. पर डोळ्यात पाणी, दिसतंय कुठं? चिठ्ठी तिरपी बसली. मी काढाय गेलो, तर पोरीनं हात धरला. "थांबा," म्हणाली.

तीस वरसात माझं तेवढं एकच काम तिरपं हाय, आन् त्याचा फोटो मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दावतो.