धुळीचा भोपळा

मित्रांनो, माझ्यात कधी दूध भरलं गेलं नाही, ताक नाही, साधं पाणीसुद्धा नाही. भरली ती फक्त धूळ. जोलिबा नदीकाठच्या कुरुबा या राजधानीत, दरबाराच्या दाराशी बसलेला जुना भोपळा तो मी.

तेनिन नावाच्या बाईच्या छपरावर मी वेलीला लागलो. तिनं मला चिरलं, गर खरवडला, उन्हात वाळवलं आणि तापलेल्या सळईनं माझ्या अंगावर मासे काढले. लेकीला लग्नात द्यायचा बेत होता. तेवढ्यात राजाचा माणूस आला आणि म्हणाला, "सुबक आहे हं!" आमच्याकडे राजाच्या माणसानं एखाद्या वस्तूची स्तुती केली की ती वस्तू राजाची होते.

दरबारात माझं काम सोपं होतं. राजाशी बोलायचं, तर आधी माझ्यातली मूठभर धूळ स्वतःच्या डोक्यावर टाकायची. त्याशिवाय तोंडातून निघालेला शब्द हा शब्दच नव्हे. राजाही थेट बोलत नसे. तो कुजबुजायचा आणि त्याचा भाट केलेफा ते मोठ्यानं सांगायचा. गाऱ्हाणं एवढंसं, उत्तर त्याहून एवढंसं, आणि मध्ये राजाच्या सगळ्या पूर्वजांची नावं.

मग पश्चिमेकडून घोडेस्वार आले. राजा पळाला, नवा बसला. केलेफानं स्तुतीतलं नाव तेवढं बदललं. सिंह, सूर्य वगैरे तसेच ठेवले. हे साम्राज्य कायमचं आहे, असं तो रोज सांगे. आणि पूर्वेकडून लढाऊ होड्या येईपर्यंत ते खरोखरच कायमचं टिकलं.

होड्यांतून आलेल्या राजाचा सेनापती फार शूर. त्याला त्या राज्यातला सर्वांत मोठा मान मिळाला. त्यानं डोक्यावर धुळीऐवजी पीठ टाकायचं! बाजरीचं, बारीक दळलेलं. माझ्या शेजारी पिठाचा नवा भोपळा येऊन बसला. लोक आत येताना त्याच्याकडे बघायचे आणि आवंढा गिळून माझ्यात हात घालायचे.

सैन्याला धान्य लागतं. सेनापतीच्या माणसांनी गावातल्या कणग्या रिकाम्या केल्या, पेरणीसाठी राखलेलं बीसुद्धा नेलं. पेरणी अगदी तोंडावर आली तेव्हा सिरा दरबारात आली. पाठीवर कापडानं बांधलेली तिची लेक न्येले. सिराला एकच मागायचं होतं : टोपलीभर बी. तिच्याच कणगीतलं.

"आधी धूळ घे, सिरा," दारात केलेफा म्हणाला. "आणि थोडक्यात आटप. महाराज कंटाळलेत."

"थोडक्यातच आहे, केलेफादादा. आमचं बी आम्हाला परत द्या, बस्स."

बाहेर रणरणतं ऊन, आत काळोख. त्यात तिच्या पोटात काही नव्हतं, डोळ्यांपुढे अंधारी आली असावी. दोन्ही भोपळ्यांची झाकणं उघडी होती. तिनं हात घातला तो शेजाऱ्यात. मूठ भरली आणि डोक्यावर टाकली.

पीठ तिच्या केसांतून खांद्यावर ओघळलं आणि न्येले आईचा खांदा चाटू लागली.

"माझं पीठ!" सेनापती उठलाच. "आता काय, गावातली प्रत्येक बाई माझ्या पंक्तीला बसणार?"

"चुकलं माझं, महाराज. दिसलं नाही." सिरानं मला दोन्ही हातांनी उचललं आणि सगळाच्या सगळा डोक्यावर रिकामा केला. "घ्या. झालं ना मनासारखं? आता ऐका. बी द्या. पेरलं नाही, तर ही पोर जगायची नाही."

न्येले खोकली. मग धूळ मिसळलेलं पीठ चाटत राहिली.

राजा कुजबुजला. केलेफानं आधी सिराच्या पाठीवरच्या पोरीकडे पाहिलं. एरवी राजाचं बोलणं संपायच्या आत हा सुरू व्हायचा. मग म्हणाला, "महाराज विचारतात, डोक्यावर टाकायला जिच्याकडे पीठ आहे, तिला बी कशाला हवं?"

दरबार हसला. पोट धरधरून हसला. शहाणा न्याय म्हणून ही गोष्ट पुढे बरेच दिवस बाजारात सांगितली गेली.

"हे ते म्हणाले, की तुम्ही?" सिरानं विचारलं.

"मी नुसता आवाज, बाई," केलेफा म्हणाला आणि त्यानं मला पुन्हा धुळीनं भरलं.

सिराचं शेत पडीक राहिलं. इतरांचीही राहिली. पावसाळा सरल्यावर एका दुपारी केलेफा सेनापतीला म्हणाला, "सिराची पोर गेली."

"कोण सिरा?"

"ती... पिठाची."

"हां, ती होय! काय हसलो होतो नाही आपण त्या दिवशी!"

लोक होड्यांत बिऱ्हाडं टाकून निघून गेले. सिराही गेली, पाठीवर बांधायचं कापड तिनं कमरेला गुंडाळलं होतं. पुढच्या वर्षी नेण्यासारखं धान्य नव्हतं, म्हणून सैन्य पांगलं. सेनापतीच्या डोक्यावर टाकायलाही पीठ राहिलं नाही. वाळवंटापलीकडून बंदुका घेऊन नवे विजेते आले, तेव्हा त्यांच्याशी लढायलाच कुणी नव्हतं. सिंहासनावर बसून त्यांनी विचारलं, "प्रजेचं काही गाऱ्हाणं?"

दरबारात केलेफा एकटाच होता. त्यानं माझ्यातली मूठभर धूळ डोक्यावर टाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "काही नाही, महाराज. कुणाचीच तक्रार नाही."

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार नाही. भोपळा आहे, फुटलो तर फुटलो. पण पेरणीच्या तोंडावर तुमच्या दारात कुणी बी मागायला आलं, तर आधी बी द्या. वाकायचं कसं, ते मागाहून शिकवा.